कॅरॅव्हॅन हलकी हवी की दणकट? आपल्या बंडीत याचं उत्तर आहे

डोंगराच्या कडेला उभी पांढरी कॅरॅव्हॅन, दारात दोन खुर्च्या, वाफाळता चहा. ही रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. राजूर कॉलरीतल्या माझ्या एका मित्राने ती पाहिली आणि थेट हिशेबच मांडला. घरी जुनी बोलेरो आहे. तिच्यामागे ओढता येईल असा चौदा फुटी ट्रेलर बनवायचा आणि टिपेश्वर, ताडोब्याला येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायचा. पैसे वडिलांच्या फंडाचे. वडील खाणीतून रिटायर झालेत, म्हणजे हे पैसे एकदाच आलेत, पुन्हा येणार नाहीत.

त्याच्याकडे दोन कोटेशन होती. पहिला फॅब्रिकेटर म्हणाला, सगळं लोखंडात करून देतो, वर हत्ती नाचला तरी काही होणार नाही. दुसरा म्हणाला, फायबर-फोमचं पॅनल लावू, चासीसुद्धा बारीक घेऊ, एकदम हलकी होईल, डिझेल वाचेल. मित्राने दोन्ही कागदांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर टाकले आणि विचारलं, कोणता घेऊ?

माझं उत्तर होतं, दोन्ही नको. दोघांनीही वजन चुकीच्या जागी धरलंय किंवा चुकीच्या जागी सोडलंय. कसं ते सांगतो.

आधी पत्र्याचा हिशेब

खोका चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच धरू. चार भिंती आणि छत मिळून ३२ चौरस मीटर होतात. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळपास ७.८५ पट. म्हणजे १.२ मिलिमीटरचा पत्रा लावला तर एका चौरस मीटरला साडेनऊ किलो आणि नुसत्या बाहेरच्या पत्र्याचे ३०० किलो. त्याला आधार द्यायला आत चौकोनी पाइपचा सांगाडा, आतून प्लायवूड, मध्ये थर्माकोल. साडेपाचशे-सहाशे किलो कुठे गेले कळतही नाही. अजून चाक, पलंग, खिडकी काहीच लागलेलं नाही.

दुसऱ्याचं पॅनल म्हणजे दोन्हीकडे एकेक मिलिमीटर फायबर आणि मध्ये ३० मिलिमीटर फोम. सरस धरून चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास. सगळा खोका पावणेदोनशे किलोत बसतो, आणि उष्णता अडवायचं काम त्यातच होऊन जातं. वणीच्या मे महिन्यात त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणजे जवळजवळ ४०० किलोंचा फरक. पण हलकं म्हणजे तकलादू नाही का? इथेच बहुतेकांची गल्लत होते. तुमचा मोबाईल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कुरिअरने आला, तो खोका आठवा. दोन पातळ कागद आणि मध्ये नागमोडी कागद. तेच तीन कागद एकमेकांना चिकटवून सपाट केले तर बोटाने वाकतील. दूर ठेवले म्हणून ताठ राहिले. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. दोन मिलिमीटरची एक सलग ॲल्युमिनियम शीट घ्या. आता तिचे एकेक मिलिमीटरचे दोन भाग करून मध्ये २५ मिलिमीटर फोम भरा. धातू तेवढाच, पण कागदावरच्या हिशेबाने ताठपणा ५०० पट. फोम स्वतः थोडा सरकतो म्हणून प्रत्यक्षात कमी मिळतो, तरीही फरक प्रचंड राहतो.

तेव्हा भिंतींच्या बाबतीत दुसरा फॅब्रिकेटर बरोबर होता. तो घसरला चासीवर.

पस्तीस किलो वाचवून काय गमावलं

त्याच्या कागदावर चासीचे दोन लांब पाइप ८० बाय ४० मिलिमीटरचे, २ मिलिमीटर जाडीचे होते. मी सुचवले १०० बाय ५०, जाडी ३. दोन्ही बाजू मिळून ११ मीटर पाइप लागतो. बारीक पाइपचं वजन ४० किलो, जाड्याचं ७५. म्हणजे त्याने ३५ किलो वाचवले. घरच्या गॅसचा एक भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो, त्याहून थोडंसं जास्त.

या ३५ किलोंच्या बदल्यात काय गेलं? वाकवणारा भार सोसायची जाड पाइपची ताकद बारीक पाइपच्या २.३ पट आहे आणि ताठपणा जवळपास तिप्पट. एक सिलिंडर वाचवायला पाठीच्या कण्याची निम्म्याहून जास्त ताकद देऊन टाकायची, हा सौदा मला अजिबात पटला नाही.

आता बंडीकडे बघा. आपल्याकडच्या जुन्या लाकडी बंडीला सगळ्यात भक्कम लाकूड कुठे लागायचं? चाकाचा तुंबा, आरे, आख इथे. बाभूळ, धावडा अशी चिवट लाकडं. चाकाला तापवून चढवलेली लोखंडी धाव. ती गार होताना आवळते आणि अख्खं चाक कसून धरते. आणि बाजूला काय असायचं? बांबूचा तट्टा. हाताने उचलून ठेवता येईल असा. गावच्या सुताराने तट्ट्याच्या जागी सागाच्या फळ्या ठोकून "दणकट बंडी" म्हणून विकली नाही, आणि आखाच्या जागी बांबू घालून "हलकी बंडी" म्हणूनही विकली नाही. माणसांना गावाला न्यायची रेंगी बंडीपेक्षा हलकी असायची, पण वजन कुठे राखायचं आणि कुठे सोडायचं हे गणित तेच.

मित्राच्या दोन कोटेशनमध्ये नेमकं हेच हरवलं होतं. एकाने तट्टाही लोखंडाचा केला, दुसऱ्याने आखही बांबूचा.

आपला रस्ता ट्रेलरला काय करतो

रील बघताना एक लक्षात ठेवा. त्या कॅरॅव्हॅन ज्या रस्त्यांसाठी बनतात ते रस्ते आणि वणी-राजूर पट्ट्यातले रस्ते यांत फरक आहे. इथे दिवसरात्र कोळशाचे टिपर चालतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालगाड्यांच्या भाराची मर्यादा वाढवली, तेव्हापासून चार टायरच्या एका एक्सलवर कायद्यानेच साडेअकरा टन चालतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून एक ढोबळ नियम निघाला, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. त्या हिशेबाने टिपरचा एक एक्सल रस्त्याला जेवढा मारतो, तेवढा मारायला एक टनाच्या आपल्या ट्रेलरला साडेसतरा हजार फेऱ्या लागतील. म्हणजे खड्डे पाडणार टिपर, आणि त्यात आदळणार तुमचा ट्रेलर.

खड्ड्यात चाक गेलं की क्षणभर भार दुप्पट-तिप्पट होतो. हे तुम्ही स्वतः मोजू शकता. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं. ते तुमच्या फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरचे आकडे दाखवतं. गुरुत्वाकर्षण धरून मोजणारा पर्याय निवडा, फोन गाडीच्या फ्लोअरवर टेपने चिकटवा. गाडी उभी असताना ९.८ दिसेल. मग मागच्या सीटवरच्या मित्राला रेकॉर्डिंग चालू करायला सांगून एक चक्कर मारा. आलेखात २५ चा टोकदार सुळका दिसला, तर त्या क्षणी तिथल्या प्रत्येक वस्तूचं वजन अडीचपट झालं होतं. (फोन मोटरसायकलच्या हँडलला बांधून रोज हा प्रयोग करू नका. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असं खुद्द ॲपलने २०२१ मध्ये सांगितलंय.)

एकदाच्या दणक्याने ट्रेलर सहसा मोडत नाही. मोडतो तो हजारो छोट्या दणक्यांनी. तार हाताने मागेपुढे वाकवली की तुटते, तोच प्रकार. यात लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगळे वागतात. ठरावीक मर्यादेखालचा ताण असेल तर साधं पोलाद कितीही वेळा तो सोसू शकतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. ताण कमी असला तरी पुरेशा वेळा दिला की केव्हातरी तडा जाणार. ॲल्युमिनियम वजनाने लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश आहे, पण ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून भिंतीला ॲल्युमिनियम छान, चासीला मी पोलादच घेईन. शिवाय पोलादाचं वेल्डिंग मारेगावलाही होईल आणि पांढरकवड्यालाही. ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग नीट करणारा माणूस गाठायला चंद्रपूर-नागपूर गाठावं लागू शकतं. वाटेत दुरुस्त होणं हासुद्धा दणकटपणाच आहे, रीलमध्ये तो दिसत नाही एवढंच.

पोलाद घेतलं तरी तडा कुठे जाणार हे जवळपास ठरलेलं असतं. पुढचा त्रिकोणी दांडा जिथे खोक्याच्या पहिल्या आडव्या पट्टीखालून बाहेर निघतो, तिथे. वाकवणारा जोर तिथेच सगळ्यात जास्त. आणि फॅब्रिकेटर नेमका तिथे, पाइपच्या खालच्या अंगाला आडवा वेल्ड मारतो, कारण हात तिथे सहज पोचतो. वेल्डची कड म्हणजे तडा सुरू व्हायची आयती जागा. खालच्या अंगाला आडवा वेल्ड नको, पट्टी बाजूने लावून लांबीच्या दिशेने वेल्ड घ्या, एवढं एक वाक्य ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या.

भोकांचंही तसंच. २०१४ मध्ये आयफोन सिक्स प्लस खिशात वाकल्याच्या बातम्या आल्या होत्या, आठवत असेल. तो वाकायचा आवाजाच्या बटणांजवळ, कारण तिथे कडेच्या धातूला खाचा होत्या. ट्रेलरमध्ये ती जागा दाराची आणि खिडक्यांची. चौकोनी कापलेल्या कोपऱ्यातून तडा निघतो, म्हणून कोपरे गोल हवेत.

जास्त दणकट पाट्यांची गंमत

पहिल्या फॅब्रिकेटरने खाली ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पाटे टाकून देतो म्हटलं होतं. ऐकायला भारी वाटतं. पण दोन-अडीच टनांसाठी बनलेला पाटा पाऊण टनाच्या ट्रेलरखाली जवळजवळ हलतच नाही. पाटा हलला नाही की खड्ड्याचा सगळा दणका सरळ वर जातो: चासीत, पॅनलच्या सांध्यात, कपाटाच्या बिजागरीत. रिकामी ट्रॉली रस्त्यावरून जाताना कशी खणखणत उड्या मारते ते तुम्ही पाहिलंय. ट्रॉलीला त्याचं काही वाटत नाही, तिच्यात गॅसची नळी आणि काचेची खिडकी नसते. इथे जास्त दणकट भागच बाकीच्यांना खिळखिळं करतो. भरलेल्या ट्रेलरचं वजन आधी काढायचं आणि त्यानुसार पाटे निवडायचे. टायरमधल्या हवेचंही तसंच आहे. टायरवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. हलक्या ट्रेलरला तेवढी हवा भरली तर टायरही दगड होतो.

जुन्या काळी आपल्याकडे गाडीतच संसार करणारे लोक होते, गाडी लोहार. त्यांच्या गाड्या चांगल्या जडशीळ, लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. त्यांना ते परवडायचं, कारण बैलाची चाल ताशी पाच किलोमीटर. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तोच भार ताशी साठने ओढला की ब्रेकला १४४ पट ऊर्जा जिरवावी लागते. बोलेरोचं स्वतःचं वजन दीड-पावणेदोन टन. मागे चौदाशे किलोंचा लोखंडी खोका बिनब्रेकचा लावून पांढरकवड्याच्या पुढे हायवेवर उतरलात, तर गाडी थांबवायची तुम्ही आणि ढकलणार तो. युरोपात ७५० किलोंच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. मी त्याहून कमी वजनालाही लावा म्हणेन.

उलार

सगळ्यात जिवाशी खेळणारी गोष्ट मात्र वजन किती यापेक्षा ते कुठे बसलंय ही आहे. त्याला आपल्याकडे शब्दच आहे. बंडीत मागे जास्त माल पडला की ती उलार होते. धुरी वर उठते, जोती बैलांच्या गळ्याला आवळतात. पुढे जास्त झाला तर सगळं ओझं त्यांच्या मानेवर. जाणता गाडीवान पोती पुढेमागे सरकवून, नाहीतर स्वतः धुरीवर पुढे सरकून तोल साधतो.

मोटारीच्या ट्रेलरलाही हेच लागू. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे, गाडीच्या हूकवर यायला हवा, असा अमेरिकेतला प्रचलित नियम आहे. त्याहून खूप कमी झाला की ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डुलायला लागतो, दर झोक्याला जास्त, आणि शेवटी पुढच्या गाडीलाही फिरवतो. ट्रेडमिलवर खेळण्यातला ट्रेलर आणि सरकणारी वजनं ठेवून हे दाखवणारा व्हिडिओ यूट्यूबवर आहे, जरूर बघा.

मित्राच्या नकाशात शंभर लिटरची पाण्याची टाकी मागच्या भिंतीजवळ होती, न्हाणी तिकडे म्हणून. पाणी भरलं की १०० किलो, चाकापासून दीड मीटर मागे. हूक चाकापासून साडेतीन मीटर पुढे. शंभरला दीडने गुणा, साडेतीनने भागा: हूकवरचे ४३ किलो उचलले गेले. एक टनाच्या ट्रेलरला १०० किलो हवे होते, राहिले ५७. वर मागे स्टेपनी आणि दोन सायकली टांगल्या तर सरळ उलार. हलक्या ट्रेलरला हे जास्त जाचतं, कारण त्याच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने आतलं सामान मोठं असतं. पाणी १००, सिलिंडर ३०, ट्युब्युलर बॅटरी ५०-५५, कूलर, गाद्या, भांडी, चार माणसांच्या बॅगा. साडेसहाशे किलोंचा ट्रेलर निघता निघता हजाराच्या वर जातो.

मोजायची सोय मात्र आपल्या भागात हवी तेवढी आहे. कोळशामुळे वणीच्या आसपास वजनकाटे भरपूर. भरलेला ट्रेलर सोडवून पूर्ण काट्यावर घ्या. मग फक्त चाकं काट्यावर आणि पुढचा जॅक काट्याबाहेर, ट्रेलर समतल ठेवून. दोन आकड्यांतला फरक हा हूकवरचा भार. मोठे काटे दहा-वीस किलोंच्या टप्प्याने दाखवतात, म्हणून तो भार नेमका हवा असेल तर जॅकखाली धान्याचा लहान काटा ठेवा.

पाणी आणि ऊन

पॅनलच्या हलक्या भिंतीचा खरा शत्रू धक्का नाही, पाणी आहे. खिडकीच्या कडेने पाणी आत गेलं की फोम आणि फायबर यांची चिकट सुटते आणि भिंतीला फुगा येतो, स्क्रीन गार्डखाली हवा राहते तसा. चिकट सुटली की मघाचा तो ५०० पटींचा हिशेब संपला; उरल्या दोन पातळ शीट. नामांकित ट्रेलरही यातून सुटले नाहीत. अमेरिकेतली एअरस्ट्रीम १९३६ पासून विमानासारखी रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमची बनते, कवच वर्षानुवर्षं टिकतं. पण जुन्या गाड्यांत मागून पाणी शिरून प्लायवूडची फ्लोअर कुजते आणि कवच चासीपासून सुटतं. कॅनडात १९६८ साली आलेल्या बोलर ट्रेलरने वेगळी वाट काढली. फायबरचे दोनच तुकडे, वरचा आणि खालचा, अंड्यासारखे जोडलेले. वजन चारशे किलोंच्या आसपास. सांधे कमी म्हणून गळतीच्या जागाही कमी. बनवणाऱ्याने त्याआधी फायबरची सेप्टिक टँक बनवली होती, म्हणजे पाणी कसं अडवायचं ते त्याला ठाऊक होतं!

आपल्याकडे त्यात ऊन. डिसेंबरची पहाट आणि मेच्या दुपारी तापलेला पत्रा यांत ५५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने चार मीटरची ॲल्युमिनियम शीट ५ मिलिमीटर लांब होते, लोखंड त्याच्या निम्मं. सांध्यात कडक होणारं सीलंट भरलं असेल तर ते एका उन्हाळ्यात फाटतं. लवचीक राहणारं पॉलियुरेथेन सीलंट घ्या आणि मृगाआधी दरवर्षी कडा तपासा. ॲल्युमिनियम जिथे लोखंडाला टेकतं तिथे मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर हवाच. दोन्ही ओले राहिले की ॲल्युमिनियम खाऊन जातं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि "वेल्डिंगवाल्याने करून दिलाय" हे आरटीओत चालत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलंय खरं, पण त्याने नोंदणीतून सुटका होत नाही. कापायला घ्यायच्या आधी रेखाचित्र घेऊन यवतमाळला जाऊन विचारायचं. बनवल्यानंतर नाही. आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, पोरं तर मुळीच नाही.

मित्राने दोन्ही कोटेशन परत पाठवली. आता तिसरं मागवलंय: भिंती पॅनलच्या, चासी १०० बाय ५० ची, पाटे हजार किलोंच्या हिशेबाचे, चाकांना स्वतःचे ब्रेक, टाकी साठ लिटरची आणि बरोबर एक्सलच्या वर. न्हाणीपर्यंत पाणी न्यायला छोटा पंप लागेल, त्याचं वजन दोन किलो.